दहा मिनिटं

दूध संघानं लिलावात काढलेली गाडी
मगदूमांनी घेतली, तेव्हा मी दोन दिवस बोलले नाही.
फंडाच्या पैशाचं असं कोण करतं?
उद्यमनगरात तीन महिने ती उघडी पडून होती
आणि हे रोज डबा घेऊन तिच्याकडं,
जसं काही फौंड्रीतली पाळी अजून सुटलेली नाही.

बाहेरून पत्रा, आतून थर्माकोल, मध्ये आम्ही.
दुपारी बाक होणारा एक पलंग,
शेगडी, पाण्याचे चार कॅन,
पाणी गाळायचं माझं फडकं.
एका बाजूची गाय ह्यांनी रंगानं झाकली.
दुसऱ्या बाजूला रंग अर्ध्यात संपला.

त्या अर्ध्या गाईनं पाच हिवाळे
आम्हांला कच्छपर्यंत नेलं.

हाजीपीरच्या अलीकडं नाक्यावर
जवानानं टॉर्च मारून विचारलं, दूध है क्या?
मगदूम म्हणाले, है.
खोटं नव्हतं, पाव लिटर होतं.
त्याचा चहा केला. तो उभ्यानंच प्याला
आणि म्हणाला, आगे मत जाना, आगे कुछ नहीं.
ते काही नसलेलं बघायलाच आलोय
हे सांगायला आमचं हिंदी पुरलं नाही.

लखपतच्या कोटावर बसलं की
खाली खाऱ्या चिखलाची पाटी, कोरी.
पस्तीस वर्षं मी सहावी ब-ला
खडूनं सरहद्द काढून दाखवली:
तुटक रेघ, टिंब, तुटक रेघ.
इथं काहीच दिसेना.
एक कुत्रं तेवढं रोज त्याच जागेवरून
मागं फिरायचं.

आणि सूर्य.
आम्ही दिवस मावळायच्या आत जेवणारी माणसं.
तो गेला की ताटावर झाकण.
तिकडं तो दहा मिनिटं उशिरा जातो.
मी पहिल्याच दिवशी घड्याळ लावून बघितलं,
वहीच्या पाठीवर रेखांशाचं गणित मांडलं.
हे म्हणाले, गणित राहू दे,
अर्धी भाकरी वाढ.

रात्री पत्रा गार पडताना टकटक वाजायचा,
फटींतून जुन्या दुधाचा वास उठायचा,
तान्हं मूल असलेल्या घरात येतो तसा.
आमच्या घरात तो कधी आला नव्हता.
त्यावर आम्ही काही बोललो नाही.
पांघरूण एकच घेतलं.

यंदा डॉक्टरांनी ह्यांच्या डोळ्यात बॅटरी मारली,
बराच वेळ मारली,
मग म्हणाले, काका, स्टेअरिंग आता विसरा.

गाडी बावड्यात दारासमोर उभी आहे.
कारखान्याचा हंगाम सुरू झालाय,
धुराड्याची काजळी टपावर बसते.
बॉनेटवर कुणा पोरानं बोटानं लिहिलं, विकायची का?
मी पुसलं नाही.
दोन दिवसांत वर नवी काजळी आली.

काल साडेपाचला ह्यांनी ताटं उचलली
आणि न बोलता गाडीत नेऊन मांडली.
वांग्याची भाजी, भाकरी, दही.
सहा वाजून दोन मिनिटांनी
पंचगंगेच्या अंगाला ऊन गेलं.
मी झाकण ठेवलं.
हे घास हातात धरून तसेच बसले.

अजून दहा मिनिटं आहेत, म्हणाले,
लखपतला.

स्वतःच्या लग्नातसुद्धा ह्या माणसानं
उन्हं गेल्यावर घास घेतला नव्हता.
आणि असल्या उत्तराला
मी आयुष्यभर पोरांचे गुण कापले.

झाकण काढलं.

तेवढ्यात रस्त्यानं उसाची दुहेरी ट्रॉली गेली,
टेप मोठ्यानं लावलेला,
गाडी पायापासून हादरली,
शेगडीवरचं पातेलं सरकलं.
मी ते धरलं आणि म्हणाले,
जरा सावकाश घ्या.
पुढं खड्डे आहेत.