थंड बल्बाचा रोध

मानवतच्या बसस्टँडमागं, मोंढ्याच्या वाटेवर
रहीमोद्दीन उस्तादांचं रिवायंडिंगचं दुकान.
दारात जळालेल्या मोटारी ओळीनं मांडलेल्या,
वार्निशचा वास शेजारच्या भज्याच्या कढईपर्यंत.
आयटीआयच्या बॅचमधली मी एकटी पोरगी
प्रॅक्टिकलच्या वहीसाठी तिथं जायचे,
कारण आमच्या वर्कशॉपचा मीटर
दोन वर्षांपासून कपाटात होता
आणि कपाटाची किल्ली परभणीला.

पहिलाच प्रयोग. शंभर वॅटचा बल्ब.
मीटरच्या दोन सुया त्याच्या बुडाला टेकवल्या,
आकडा आला एकोणचाळीस ओहम.
मग दोनशेतीसला दोनशेतीसनं गुणलं,
बावन्न हजार नऊशे,
त्याला एकोणचाळीसनं भागलं.
तेराशे छप्पन वॅट!
शंभराच्या बल्बात तेराशे,
एवढ्यात तर अंघोळीचं पाणी तापावं.
तीनदा भागाकार केला,
खोडून खोडून वहीचं पान फाटलं.

उस्ताद मोटारीच्या खाचांत तार भरत होते.
वेढे मोजताना ते कुणाशीच बोलत नसत.
एकशे अठरा. एकशे एकोणीस. एकशे वीस.
तार पिळली, पक्कड ठेवली,
आणि मान वर न करता म्हणाले,
"झोपलेल्या माणसाला ताकद इचारती का बेटी?
पेटू दे त्याला. मग इचार."

लाईन साडेसहाला आली.
जिनिंगवाल्यांनीही तेव्हाच यंत्रं सुरू केली असणार,
व्होल्टमीटरचा काटा कसाबसा चढला
आणि एकशे सत्तरवर थरथरत थांबला.
धारा, शून्य पूर्णांक सदतीस.
भागले : चारशे साठ ओहम, जरा कमीच.
गुणले : त्रेसष्ट वॅट, तेही पुरते नाहीत.
काचेवर शंभर छापलेलं मात्र तसंच होतं.

तोच बल्ब. तीच तार, केसाहून बारीक,
दुपारी विजेला हसत वाट देणारी,
तापली तशी बारापट अडवायला लागली.
मी इतका वेळ बघत बसले
की डोळे मिटले तरी आत
हिरवी वेलांटी हलत होती.
"पोरी, शेवटची एसटी," उस्ताद म्हणाले,
मग धावत सुटले.

परीक्षेला बाहेरचे सर आले, पंख्याखाली बसले.
"शंभर वॅटच्या बल्बाचा रोध?"
मी म्हणलं, "कवाचा सर? थंडाचा का पेटलेल्याचा?"
"पुस्तकातला."
पुस्तकात पाचशे एकोणतीस.
पुस्तकाचं चुकलं नव्हतं,
त्याच्या गावात दोनशेतीस येत असतील.
मी चारशे साठ लिहिलं
आणि खाली बारीक अक्षरात :
मुक्काम मानवत, वेळ सायंकाळी साडेसहा.
दहापैकी चार मिळाले.
ते चार कशाचे, हे विचारायचं राहून गेलं.

आता दुकानाच्या पाटीवर उस्तादांच्या खाली
माझं नाव आहे, इंदुमती कचरू धापसे, वायरमन.
त्यांचा हात कापतो, म्हणून तार मी भरते
आणि ते खुर्चीत बसून वेढे मोजतात,
मध्येच एखादा गाळतात,
मी तो मनात धरून ठेवते.
गिऱ्हाईक विचारतं, "शेगडी हजाराची हाय ना बाई,
मग दूध तापायला एवढा उशीर कामून?"
मी लग्नपत्रिकेच्या पाठीवर करून दाखवते :
दाब दहातून तीन गेला की ऊब निम्मी जाते.
ते मान हलवतात. शेगडी इथंच ठेवून जातात,
दुरुस्तीला.

बल्ब अजून गल्ल्याच्या खणात आहे.
असले बल्ब आता कुणी मागत नाही.
कधीमधी, काम नसलं की,
त्याच्या बुडाला सुया टेकवून बघते.
पौषात, दुकान उघडताना, सदतीस.
आणि परवा, मेच्या भर दुपारी,
लाईन नव्हती, रस्त्यावर कुत्रंही नव्हतं,
न पेटवताच
बेचाळीस.