हातचा एक

सभेची वही माझ्याकडे होती,
कारण लिहिता येणारे आम्ही तिघेच,
आणि बाकी दोघांना बोलायचं होतं.

पंचाहत्तर सालचा जुलै. आलेन्तेजुचं ऊन
रात्री नऊलाही भिंतींतून निघत नव्हतं.
मालक लिस्बनला पळालेला. त्याच्या रिकाम्या कोठारात
आम्ही पन्नास माणसं, एक कंदील,
आणि इलिदियु नावाचा विद्यार्थी,
ज्याचे बूट अजून शहराचेच होते.

तो म्हणाला, मूल्य. तो म्हणाला, श्रमशक्ती.
बेल्मीरुने टोपी या गुडघ्यावरून त्या गुडघ्यावर ठेवली.
तो म्हणाला, उत्पादनसंबंध,
तेव्हा मागे कुणाचं तरी मूल झोपलं.
मी ऐकू येतील तसे शब्द लिहीत गेलो.
आज त्यातले दोन मलाच लागत नाहीत.

आमचं काम बुचाच्या झाडांचं.
कुऱ्हाड अशी टाकायची की साल सुटावी, झाड दुखू नये.
एक साल काढली की नऊ सालं थांबायचं,
म्हणून सोलून लाल पडलेल्या खोडावर
पांढऱ्या रंगात वर्षाचा शेवटचा आकडा काढतात.
त्या उन्हाळ्यात सगळी टेकडी पाच, पाच, पाच.

तोच डबा, तोच ब्रश इलिदियुने उचलला.
तुमच्या घरात दिवसाचे किती येतात?
झुल्मीराला विचारलं, ती पुढे बसली होती म्हणून.
नवऱ्याचे एकशे सत्तर, ती म्हणाली. माझे पंच्याऐंशी.
त्याने भिंतीवर एकाखाली एक मांडले,
रेघ ओढली, खाली लिहिलं एकशे पंचावन्न,
आणि वळून मालकाच्या नफ्यावर बोलू लागला.

पोरा, झुल्मीरा म्हणाली, हातचा विसरलास.

शाळेचा उंबरा तिने पाहिला नव्हता.
हिशेब करायची वाटाण्यांवर, ओट्यातल्या ओट्यात.
कोठार खदखदून हसलं.
इलिदियु कानांपर्यंत सोललेल्या खोडासारखा लाल.
मग शतकाच्या घरावर त्याने एक जाडजूड एक काढला,
बघत राहिला त्याच्याकडे, आणि पुस्तक मिटलं.

म्हणाला, तासभर हेच सांगायला धडपडत होतो.
तुमच्या हातून निघतो म्हणून हातचा.
रोज बेरजेत असतो, रोज उत्तरात नसतो.
तो कुठे जातो हे विचारायला लागणं,
एवढंच आमचं शास्त्र. बाकी सगळी कागदाची जाडी.

हे मी अधोरेखित केलंय. दोनदा.

सभा तिथे संपली असती तर वहीत छान दिसलं असतं.
झुल्मीरा बसेना.
खालच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाली,
हे पंच्याऐंशी का?
तो साल काढतो, ती मी वाहते, रचते, गाडी भरते.
त्याला पूर्ण, मला निम्मे.
निम्मे मालकाने ठरवले होते. मालक तर गेला.
आता कोण ठरवतंय?

इलिदियुने पुस्तक पुन्हा उघडलं. पान सापडेना.
बेल्मीरु, तिचा नवरा,
टोपीच्या आत काहीतरी वाचत होता.

मतदान झालं. सारखी मजुरी:
बाजूने सव्वीस, विरुद्ध तेवीस.
तटस्थ एक. तो मी.
वही धरली होती, हात मोकळा नव्हता,
असं मी घरी सांगितलं.

चौऱ्याऐंशीत पुन्हा साल निघाली.
तोवर जमीन मालकाच्या पुतण्याकडे परत गेलेली.
आमचे सगळे पाच सालीसकट उतरले,
बुचं होऊन कुठल्या कुठल्या बाटल्यांच्या तोंडाला लागले.
पुतण्याने कोठाराला चुना दिला.

पण संध्याकाळचं ऊन तिरपं पडलं
की ती बेरीज चुन्याखालून फुगून वर येते.
वहीत मी उत्तर दुरुस्त केलं होतं.
भिंतीवर अजून एकशे पंचावन्नच आहे,
आणि त्याच्या वर, एकटा,
तो जाडजूड एक.