चौथा भाग

मालिकेचे अकरा भाग. चौथा
आमच्या वाचनालयात आलाच नाही.
तिसऱ्याच्या शेवटी कप्तान तारिणी विवरात पडते,
पाचव्यात एकदम तिच्या डाव्या हाताला
धातूची बोटं.
मधलं काय?

दादाराव इंगोले, सरकारी दवाखान्यातला कंपाउंडर,
त्यानं दोनशेपानी वहीत मधलं लिहून काढलं,
खाकी कव्हर घातलं, शिक्का मारला, नंबर टाकला.
त्यात यान अरुणावतीच्या कोरड्या पात्रात उतरतं
आणि बोटं जिनिंगचा फिटर बसवून देतो
पऱ्हाटीच्या जाळावर तापवून, मजुरी न घेता.

आम्ही तेच खरं धरून मोठे झालो.

वीस वर्षांनी शब्बीरनं नागपूरहून
छापील चौथा आणला. वजनकाट्यापाशी,
कापसाच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत, पान उघडून दाखवलं:
बोटं शत्रूनं दिली. तहाची भेट.
"हे खरं. लेखकाचं हाय."

निळू गेडाम भडकला. "काहून बे?
अकराव्या भागात थे बोटं थंडीत दुखतेत.
शत्रूचं लोखंड दुखते काय?
आपल्या माणसानं बसवलेलंच दुखते."

"छापलं थे छापलं," शब्बीर म्हणाला,
पण जरा हळू.
काट्यावाल्यानं हाक मारली. रांग एक ट्रॅक्टर पुढे सरकली.

शेवटी पुस्तक दादारावकडे नेलं.
त्यानं दोन दिवस ठेवून घेतलं,
परत देताना चष्मा पुसत म्हणाला,
"बरं लिवलं पोरानं.
नदी तेवढी इसरला."