मीठ शेवटी

संकेश्वरच्या जनावरांच्या दवाखान्यात
डाक्टरनं कागद कानडीत लिहिला.
वाचला लक्काव्वानं, पाचवीतल्या माझ्या लेकीनं,
बोट ठेवून, एकेक अक्षर खडा निवडल्यासारखं:
उप्पु बेडा. मीठ नको.
हाडं नकोत. कांदा नको. मटण नावापुरतं.
खाली आणखी एक ओळ होती.
"ह्ये काय गं?"
"तयार खाण्याची पिशवी. चार हजार."
डाक्टर हसला न्हाई. मी पण न्हाई.
चार हजारात कोकरू येतं,
आणि कोकरू राखायलाच कुत्रं ठेवलंय.

हुल्याचं हे असं.
गेज्जी ओली बाळंतीण, पाच पिल्लं दिवसभर लोंबतात.
तोप्याला गहू सोसत न्हाई,
चपातीचा तुकडा गेला की रात्रभर कान खाजवतो
आणि सकाळी रगत.
बंट्याला सगळं सोसतं, माझी चप्पल पण,
फक्त गिळतो असा की पोट नगारा होतं.
त्याच्या थाळीत मी मधोमध धोंडा ठेवते.
धोंड्याभोवती जीभ फिरवत बसतो मग,
देवाला प्रदक्षिणा घातल्यागत.

अंडी मिळतात हायवेच्या पोल्ट्रीत, तडकलेली,
निम्म्या पैशाला, सांजच्याला गेलं तर.
एका अंड्याचे तीन वाटे:
पांढरं हुल्याला,
पिवळं गेज्जीला,
आणि टरफल भाजून, कुटून, वस्त्रगाळ करून
तेही गेज्जीलाच, पिल्लांच्या हाडांसाठी.
हात धुतलेलं पाणी तेवढं उरतं.

जोंधळा मेंढरं मिळवतात.
ज्याच्या रानात रात्री बसली, तो खतापोटी देतो,
रात्रीला चार शेर, मन मोठं असलं तर पाच.
हुक्केरीच्या वाटेला शिवगोंडा पाटलानं गहू पुढं केला.
"खपली हाय, बाई! बेळगावात लोक रांग लावतात."
"रांगेत तोप्या न्हाई," मी म्हटलं.
गडी बघतच राहिला.
गिरणीवर जाऊन बदलून आणला मी जोंधळा,
बदल्यात शेरभर तोटा.
तो तोटा कुणाच्या ताटातनं गेला, विचारू नका.
बिरूनं विचारलं न्हाई, त्यालाही कळतं.

पण परवा हिडकलच्या पाण्याकडं तळ पडल्यावर
विडी विझवत तोच म्हणाला,
"हुल्याला धाब्यावर सोडू या.
हायवेला हाडं मिळतील त्याला, पोटभर."
"हाडंच तर नकोत," मी म्हटलं.
पुढं दोघंही बोललो न्हाई.
हुल्या ऐकत होता का, देव जाणे,
तोंड वाऱ्याकडं, डोळे मिटलेले.
पहाटे तोच पहिला उठला.
धावला न्हाई, पाय कुठले धावायला,
नुसता उभा राहिला नाक ताणून उसाच्या फडाकडं
आणि घशातनं एकच आवाज काढला.
नाक ज्या बाजूला, त्या बाजूला तिघं सुटली, बाणागत.
सकाळी मेंढरं मोजली. भरली.
बिरूनं दोनदा मोजली.

भांडं एकच हाय आमचं.
कण्या त्यातच शिजतात, त्यांच्या आणि आमच्या.
आधी त्यांचं काढायचं, अळणी,
मग मीठ, मग तिखट, मग आम्ही.
शेजारच्या तळावरची तिपव्वा तोंडाला पदर लावते,
"कुत्र्यामागनं जेवतीस गं?"
मी म्हणते, मिठामागनं जेवते.

काल तळ हलवताना
घोड्यावरची एक पिशवी कुठं तरी गळून पडली.
अंधारात कळलं, मीठ त्यातच होतं.
कण्या वाढल्या तशाच.
लक्काव्वानं दोन घास खाल्ले, थांबली.
"हुल्याला रोज असंच?"
"रोज."
काही बोलली न्हाई.
ताट बोटानं पुसून पुसून खाल्लं तिनं.
बिरू मात्र उठला, चिमणी घेऊन,
मिरची तरी बघतो म्हणाला.
मी सांगितलं न्हाई
की मिरची पण त्याच पिशवीत होती.