पिशवी खुर्चीखाली

डंडी, डिसेंबर. सकाळचे आठ वाजून गेले
आणि टे नदीवर अजून उजेड नाही.
बॅडमिंटनच्या हॉलमध्ये दोनशे चाळीस टेबलं,
मी रांगेरांगेने पारदर्शक पिशव्या ठेवत जाते,
झिपवाल्या. घरी मी यांत मटार गोठवते.

"फोन बंद, पिशवीत. पिशवी खुर्चीखाली."
सहा वर्षं हेच म्हणते आहे
माझ्या इचलकरंजीच्या इंग्रजीत.
सुरुवातीला मुलं हसायची.
आता हसत नाहीत.
तापलेलं मूल पाळणाघरात सोडून निघावं
तसा फोन ठेवतात,
कुणी कुणी झिपेला बोटभर फट ठेवतं.
मी फट बघते, बोलत नाही.

जीव भांड्यात पडला, म्हणतो आपण.
इथे तो पिशवीत पडतो
आणि हुश्श म्हणावंसं कुणालाच वाटत नाही.

सांख्यिकी, दुसरं वर्ष, दोन तास.
पंधराव्या मिनिटाला सुरू होतं.
पेन दातांत, डोळे प्रश्नावर,
आणि हात आपला आपण मांडीकडे निघतो,
रिकामा खिसा चाचपून परत येतो.
पुन्हा जातो.
दात पडल्यावर जीभ जात राहते ना त्या खळग्यात, तसा.

कॅट्रिओना, रांग एफ, टेबल अकरा. आर्ब्रोथची.
मे महिन्यात मध्येच उठून आली होती, ओठ पांढरे.
मी तिला बाहेर जिन्यावर बसवलं, पाणी दिलं.
काहीतरी झालंय, म्हणाली.
कुठे? माहीत नाही.
कुणाला? माहीत नाही.
दोन तास कुणी मला शोधत असलं आणि मी नसले तर?
मी विचारलं, कोण गं शोधत असेल?
(हे विचारायला नको होतं.)
ती आठवत राहिली. खूप वेळ.
बहुतेक कुणीच नाही, म्हणाली,
आणि तेव्हा रडली.

आज आलीय. पिशवी दोन बुटांच्या मध्ये दाबून धरलीय.

डोळ्यांत तेल घालून फिरणं हे माझं काम,
तासावर पैसे मिळतात त्याचे.
पण माझ्या कार्डिगनच्या खिशातही एक आहे.
नियमाने बंद हवा. मी फक्त मुका केलाय.
लीड्सला सौमित्र, माझा, पहिल्या वर्षाला.
रविवारी रात्री विचारलं होतं: जेवलास का?
दोन खुणा उमटल्या, करड्या.
निळ्या झाल्या नाहीत.
आज बुधवार.

एक तास दहा मिनिटं झाली असतील,
कुठेतरी थरथर.
बारीक, लाकडाला भुंगा लागावा तशी.
दोनशे चाळीस माना खाली, खुर्च्यांकडे.
प्रत्येकाला वाटलं आपलाच,
आणि भीतीच्या मागोमाग चेहऱ्यावरून जे सरकून गेलं
त्याला मी आशाच म्हणेन, दुसरा शब्द सुचत नाही.
मी नियमाप्रमाणे आवाजाच्या दिशेने निघाले,
चेहरा कडक करून,
रांग डी. रांग ई.
आवाज माझ्याबरोबर चालत होता.

एफ अकराने मान वर केली.
माझ्या खिशाकडे बघितलं, मग माझ्याकडे.
मला वाटलं आता ही हात वर करणार.
तिने खोकून घेतलं,
चांगलं लांबलचक, खोटं खोटं,
थरथर थांबेपर्यंत,
आणि उत्तरपत्रिकेचं पान उलटलं.

दाताच्या दवाखान्याचा निरोप असेल.
वीजबिल असेल.
लीड्स असेल.
मी दाराशी उभी आहे, हात कार्डिगनवर.
भिंतीवरचं घड्याळ जाळीच्या मागे आहे,
चेंडू लागून फुटू नये म्हणून.
अजून अठ्ठेचाळीस मिनिटं.