गो, वेंट, गॉन

स्विंडनच्या लायब्ररीत, वरच्या मजल्यावर,
गुरुवारी सकाळी दहाला आमचा वर्ग.
मी गोदामातल्या रात्रपाळीवरून थेट येते,
बोटांना अजून चिकटपट्टीचा वास.
बाई वेल्सच्या. ग्लेनिस प्रिचर्ड.
चुकलं तर हसत नाहीत,
चष्मा कपाळावर ढकलतात
आणि चार तारांची ती इवलीशी गिटार उचलतात.

पहिलं गाणं स्वयंपाकघराचं होतं.
तवा, झारा, गाळणी, सोलाणं,
आणि प्रत्येकाच्या आधी एक ‘अ’ नाहीतर एक ‘द’.
का, ते कुणालाच कळेना.
शेवटी मीच लावला माझ्यापुरता अर्थ:
‘अ’ म्हणजे सांगून आलेलं स्थळ,
‘द’ म्हणजे पत्रिका छापून झाली.
बोगुमिला म्हणाली, पोलिशमध्ये यातलं काहीच नाही.
आमच्यातही नाही, मी म्हटलं,
आणि आम्ही दोघी एका गावच्या निघालो.

‘हॅव’ने तीन आठवडे छळलं.
आय हॅव अ सन. आय हॅव अ कोल्ड. आय हॅव टू गो.
मुलगा, सर्दी, जाणं, सगळं एकाच पिशवीत!
आमच्याकडे मुलगा मला असतो,
पैसे असलेच तर माझ्याजवळ असतात,
सर्दी होते, आणि जावं लागतं.
मुठीत धरल्यासारखं काहीच नाही.

मग आली वाकडी क्रियापदं.
बाईंच्या चालीत ती जिभेवर बसेनात.
एका पहाटे पट्ट्यावरून खोकी सरकताना
आपसूक पाढ्यात पडली,
बांद्याच्या शाळेत नाटेकर गुरुजी
छडीने ज्यांचा ताल धरायचे त्या पाढ्यात:
गो वेंट गॉन,
सिंग सँग संग,
ब्रिंग ब्रॉट ब्रॉट
(दिसायला सिंगचा सख्खा भाऊ, पण कुळाचार वेगळा),
आणि पुट, पुट, पुट,
जन्मभर एकाच बिऱ्हाडात.
वर्गात डोळे मिटून म्हणून दाखवलं.
शिरवान, कुर्दी न्हावी, टेबलावर बोटं वाजवू लागला,
सगळे मागून म्हणू लागले,
खालचा माणूस जिना चढून आला
सगळं ठीक आहे ना, विचारायला.

बाई मला मिसेस तलवनेकर म्हणत.
मी त्यांना ळ शिकवला:
जीभ मागे दुमडा, टाळूला टेकवा, सोडून द्या.
त्यांनी माझ्या एका व-ची दोन घरं केली,
एकात ओठ चावायचा, एकात ओठांचा चंबू.
आमच्यातही एक अवघड ल आहे, त्या म्हणाल्या,
जिभेच्या कडेने वारा सोडायचा.
पणजीनं त्यापायी शाळेत मार खाल्ला होता.
गिटारीची एक तार त्या बराच वेळ पिळत राहिल्या.

मार्चमध्ये कौन्सिलचं पत्र आलं.
वुई हॅव डिसायडेड.
मी पेन्सिल काढली, काळ ओळखला,
खाली रेघसुद्धा मारली,
मग कळलं, वर्ग बंद.
त्या ‘वुई’त मी नव्हते.
आमच्यात याला दोन शब्द आहेत:
‘आम्ही’ म्हणताना दार ओढून घेतात,
‘आपण’ म्हणताना आणखी एक पाट मांडतात.
इंग्रजीत एकच. कुठला,
ते बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून ओळखायचं.
पत्राला तोंड नव्हतं.

शेवटच्या दिवशी गिटार पिशवीत घालता घालता
बाई म्हणाल्या, वुई कुड यूज माय किचन. थर्सडेज.
मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.
शिरवान विचारत होता, कुड का? कॅन का नाही?
बोगुमिला पत्ता उतरवून घेत होती.
चहा मी करीन, मी म्हटलं,
डू यू हॅव अ...
आणि पहिल्याच गाण्यातला शब्द ऐन वेळी पळाला.
अ गाळणी?
‘गालनी?’ बाईंनी विचारलं.
जीभ मागे, मी म्हटलं. आणखी मागे.