पंच्याऐंशी ते शंभर

ऐंशीपर्यंत काही नाही, नेलिदा उएन्चुअल सांगते,
पंच्याऐंशीला सुरू होतं.
आधी अंगठ्यांत, मग मनगटांत,
मग दात वाजायला लागतात.
आणि शंभरच्या पुढे?
पुढे मी गेलेच नाही कधी.
तो जायचा. म्हणायचा, दाब पाय,
पलीकडे सगळं शांत आहे.

एकोणऐंशी सालची प्यूजो, पाचशे चार.
पांढरी, असं कागदांवर लिहिलंय.
वाऱ्याने डाव्या अंगाचा रंग घासून नेलाय,
एस्केलमधल्या सगळ्याच जुन्या गाड्यांचा नेतो.
मार्चपासून ही तिच्याकडे आहे.
त्याआधी तिला किल्ली कुठल्या खुंटीला असते
तेवढं माहीत होतं.

मी लगेच पाना उचलत नाही.
दुखणं ऐकून घ्यावं, नाडी मग.
ब्रेक मारल्यावर वाढतं?
नाही.
वळणावर?
वळणावर मी हळू असते.
उभ्या गाडीत, इंजिन चालू ठेवून?
ती विचारात पडते.
उभ्या गाडीत मी रेडिओ ऐकते, म्हणते.

विमानतळाच्या रस्त्याला मी चालवतो, ती शेजारी,
पर्स मांडीवर दोन्ही हातांनी घट्ट.
पंच्याऐंशी. आलं.
चाकाआडून कुणी दार ठोठावतंय तसं.
पंच्याण्णवला न्यूट्रल केली, इंजिन सैल सोडलं,
हादरा तसाच.
म्हणजे इंजिन सुटलं आरोपातून.
पुन्हा गिअर. शंभर. एकशे पाच.
आणि खरंच,
ताटातलं पाणी स्थिर व्हावं तसं
स्टेअरिंग माझ्या हातात निवलं.
नेलिदाने खिडकीबाहेर पाहिलं,
कुंपणं, मेंढ्या, डोंगरावरचं जुनं बर्फ.
हे असं असतं होय, म्हणाली.

परत आल्यावर नाउएलला सांगितलं,
पुढची चाकं मागे, मागची पुढे.
पोरगा सतरा वर्षांचा, त्याला थेट उत्तर हवं असतं.
म्हटलं, हे विचारणंच आहे, फक्त जॅक लावून.
पुन्हा तोच रस्ता, तोच वारा.
स्टेअरिंग गप्प, पण सीटखाली थरथर,
पाठीच्या मणक्यातून वर चढणारी.
रोग चाकातच होता. चाकाबरोबर मागे गेला.

उजवं चाक उतरवून उलटं केलं
आणि आतल्या कडेला,
जिथे पाण्याचा पाइप पोचत नाही, कुणी पाहत नाही,
मूठभर माती.
वाळून दगड झालेली. निळसर करडी.
मी छिन्नीने खरवडली, ढलपे निघाले,
एकावर गवताच्या काडीचा ठसा.

नेलिदा मातेचा प्याला घेऊन वाकली.
आमच्या रस्त्याला लाल खडी आहे, म्हणाली.
मी हो म्हटलं.
शाळेच्या रस्त्याला पण.
हो.
अशी माती नदीपलीकडे, जुन्या वीटभट्टीच्या वाटेवर.
ते मलाही माहीत होतं. त्या वाटेवर तीनच घरं.
मी छिन्नी पुसली, पुसलेलीच पुन्हा पुसली.
नळीतून माते ओढल्याचा आवाज आला,
प्याला रिकामा झाल्यावर येतो तो.

मग यंत्रावर चाक फिरवलं, पस्तीस ग्रॅमचं शिसं ठोकलं,
दुसऱ्याला वीस.
तिसऱ्यांदा रस्त्यावर गेलो तेव्हा ती चालवत होती.
ऐंशी, नव्वद, शंभर.
आता? मी विचारलं.
थोडं आहे अजून. करंगळीत.
तो बॉल जॉइंट, म्हटलं, तो झिजलाय.
त्यात कुणाचा दोष नाही, तो वयाचा आहे.
राहू दे, म्हणाली, तेवढं असू दे.

निघताना तिने ढलपा मागितला.
काडीच्या ठशाचा. वर्तमानपत्रात गुंडाळून
हातमोज्यांच्या कप्प्यात ठेवला, कागदपत्रांखाली.

नाउएल झाडू मारत होता.
बिलावर काय लिहू, त्याने विचारलं, माती?
बॅलन्सिंग लिही, मी म्हटलं. पुढची दोन.